नाताळच्या सुट्टीत शेतावर १५ माणसं: हुरडा, शेकोटी की आणखी काही? (बेळगाव परिसर)

अनगोळकर
मंडळी, २५ डिसेंबरच्या आठवड्यात घरी १५ माणसं जमणार. चार सत्तरीच्या पुढची, सहा मोठी आणि पाच पोरं. सगळ्यात धाकटं तीन वर्षांचं. येळ्ळूर शिवारात दीड एकर आहे. भात कापून झालंय, एका तुकड्यात मसूर आहे, बांधाला विहीर आहे, वीज नाही. एक संध्याकाळ तिथं काढायची असं ठरतंय: शेकोटी, हुरडा आणि तिथंच शिजवलेलं जेवण. हुरडा त्या आठवड्यात मिळेल का? शेकोटी कुठं आणि कशी करावी? १५ जणांना काय आणि किती शिजवावं? 'मज्जा करा' असे प्रतिसाद नकोत, मापं सांगा.

शाळूवाला
हुरड्याचं गणित सरळ आहे. शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, दाणं हुरड्याला येतं ते पेरणीपासून ९० ते ९५ दिवसांनी. १५ सप्टेंबरच्या आसपास पेरलं असेल तर नाताळाला हुरडा आहे. पण तुमच्या बाजूला पाऊस उशिरापर्यंत रेंगाळतो, काळ्या रानात वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, ऑक्टोबर उजाडल्याशिवाय येत नाही. १५ ऑक्टोबरची पेरणी धरली तर हुरडा संक्रांतीनंतर. त्यामुळे येळ्ळूर-शहापूर शिवारात विसरा. बैलहोंगल, सौंदत्ती, अथणीकडं लवकर पेरलेला एखादा तुकडा मिळू शकतो, पण तो आधी जाऊन बघावा लागेल.

बघायचं कसं: कणसाच्या मधल्या भागातला दाणा नखानं दाबा. पांढरं दूध उडालं तर आठवडाभर थांबा. दूध न उडता मऊ पिठूळ गोळी निघाली तर आजच. नख रुतेना झालं की संपलं, ती भाकरीची ज्वारी. ही मधली अवस्था एका तुकड्यात जेमतेम आठ दिवस टिकते. म्हणून 'सुट्टी आहे म्हणून हुरडा' असं होत नाही, हुरडा आला की सुट्टी काढायची असते.

आणि मालदांडी वाणाचा हुरडा काढायला बसू नका. दाणा बोंडातून सुटत नाही, हात सोलवटतात. सुरती किंवा गुळभेंडी वाण पाहिजे.

तिसरं_गेट
पुण्याच्या पाहुण्यांना मक्याचे दाणे भाजून द्या आणि 'हा आमच्याकडचा मोठ्या दाण्याचा हुरडा' म्हणा. फोटो काढून मोकळे होतील.

शाळूवाला
@तिसरं_गेट, पुणेकर तुम्हालाच सांगतील की खरा हुरडा कसा असतो.

कणकुंबीचं_धुकं
हुरडा बाजूला ठेवा, मला 'संध्याकाळ' या शब्दावरच हरकत आहे. डिसेंबरअखेर आपल्याकडं सूर्य सहाच्या थोडं पुढे मावळतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, त्यात उघडं शिवार. आकाश निरभ्र असेल तर जमीन झपाट्यानं गार होते आणि आठच्या सुमाराला दव धरायला लागतं. सतरंजी ओली, पत्रावळी ओल्या, म्हाताऱ्यांची डोकी ओली. शिवाय वारा पडला की थंड हवा खाली बसते आणि शेकोटीचा धूर वर न जाता माणसांच्या उंचीवरच तरंगत राहतो. ज्यांना दमा आहे त्यांची संध्याकाळ तिथंच संपते.

सकाळी उलटं असतं. सातच्या आसपास ऊन येतं, आठनंतर जमीन तापायला लागते, धूर सरळ वर जातो. तीच माणसं, तीच लाकडं, तेच जेवण सकाळी करा.

मलप्रभाकाठची
कणकुंबीकरांना अनुमोदन, आणि त्याला नाव पण आहे की ओ! धुंधुरमास. सूर्य धनु राशीत असतो तोवर, म्हणजे साधारण १६ डिसेंबर ते संक्रांत. नाताळ बरोब्बर त्याच्या पोटात येतो. पहाटे स्वयंपाक करायचा, उगवत्या सूर्याला नैवेद्य दाखवायचा आणि कोवळ्या उन्हात जेवायचं. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचं भरीत आणि लेकुरवाळी भाजी. वेगळा बेत शोधायची गरजच नाही, आपल्या आज्यांनी ऋतू बघूनच तो लावून ठेवलाय.

लेकुरवाळीला जे जे त्या आठवड्यात शेंगेत असतं ते सगळं लागतं: पावटा, वालपापडी, मटार, ओला हरभरा, त्यात गाजर, छोटी वांगी, रताळ्याचे तुकडे. पावटा आणि हरभरा आधी दहा मिनिटं शिजवून घ्या, रताळं आणि वांगं शेवटी घाला, नाहीतर रताळ्याचा लगदा आणि पावटा कच्चा अशी भाजी होते. तिळाचं कूट दोन मुठी, गुळाचा खडा, वरून काळा मसाला. पाणी बेतानं. ही भाजी अंगाबरोबर रस असलेलीच चांगली.

चव्हाट_गल्ली
पोरांना पहाटे पाचला उठवणार कोण? आणि पुण्याच्या भावजयांना?

मलप्रभाकाठची
सूर्योदयाला ताट वाढलं नाही म्हणून धनुर्मास रागावत नाही. साडेआठला जेवा. फक्त चूल सव्वासहाला पेटली पाहिजे, म्हणजे दोन माणसं लवकर गेली की झालं. बाकीची नंतर येऊ देत.

अनगोळकर
हे पटतंय. पण पोरांना शेकोटी पाहिजेच आहे, ती दिवसाउजेडी कसली? आणि खिचडीची मापं?

भातुकली_मोठ्यांची
मापं घ्या. १५ माणसं, त्यात पाच पोरं आणि चार म्हातारी, म्हणजे खाणारी पोटं बारा धरा. भाकरी सोबत आहे म्हणून तांदूळ ७०० ग्रॅम, मूगडाळ ३५० ग्रॅम. मऊ पाहिजे, तर पाच लिटर आधण आणि एक लिटर गरम पाणी बाजूला. मीठ सपाट तीन मोठे चमचे. मिरी दोन चमचे भरड, जिरं तीन चमचे, आल्याचा तुकडा अंगठ्याएवढा, तूप फोडणीला पाव वाटी आणि वर वाढायला दीड वाटी. पातेलं दहा-बारा लिटरचं, तिसरा हिस्सा रिकामा राहिला पाहिजे, कारण मुगाचा फेस उतू जाऊन चूल विझते.

डाळ आधी कोरडी भाजून घ्या, वास सुटेपर्यंत, लाल नको. भाजलेली डाळ चिकट होत नाही. तांदूळ इंद्रायणी किंवा आपला जुना बेळगाव बासमती. नवा तांदूळ असेल तर पाणी अर्धा लिटर कमी करा, तो लगेच गचका होतो.

दोन गोष्टी लोक विसरतात. पातेल्याला बाहेरून, बुडापासून अर्ध्यापर्यंत, ओल्या मातीचा किंवा राखेचा पातळ लेप द्या. काजळी त्यावर बसते आणि घासताना लेपाबरोबर निघून जाते. आणि तीन दगडांची चूल मांडताना पातेलं ठेवून वर एक वाटी पाणी ठेवून बघा. पाणी एका बाजूला कललं तर दगड हलवा. सहा लिटर उकळतं अन्न कलंडलं तर कुणाच्या पायावर पडेल ते सांगता येत नाही.

खानापूर_नाका
दगडाबद्दल एक पुरवणी. ओढ्यातले, पाण्यात पडलेले गुळगुळीत दगड चुलीला घेऊ नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि दगड फुटून चिपा उडतात. बांधावरचे कोरडे दगड किंवा जुन्या विटा घ्या.

लाकूड: बाभूळ सगळ्यात चांगली, निखारा दाट आणि टिकाऊ. चिंच तशीच. नीलगिरी भडकन पेटते, ठिणग्या उडवते. पेटवायला ठीक, शिजवायला नाही. आंब्याचं लाकूड सुकं नसेल तर नुसता धूर. सुकं कसं ओळखायचं? टोकाला चिरा पडलेल्या असतात आणि दोन लाकडं एकमेकांवर आपटली की खणखणीत वाजतात. ओलं लाकूड भद्द वाजतं. चूल आणि शेकोटी मिळून पंचवीस-तीस किलो पुरतं.

कण्हेर, रुई, शेर यातलं काहीही जाळायचं नाही. चीक विषारी आहे, धूर डोळ्यांना आणि छातीला बाधतो. कण्हेरीची सरळ काडी बघून पोरं त्यात रताळं किंवा पनीर खोचायला जातात, तेवढं आधीच बजावून ठेवा. रंगवलेली फळकुटं, प्लायवूड, टायर पण नको.

आणि भीमगड अभयारण्याच्या हद्दीत 'निसर्गात शेकोटी' करायला जाऊ नका. तिथं आग लावणं गुन्हा आहे आणि डिसेंबरपासून गवत वाळलेलं असतं.

शहापुरी
बाभूळ चांगली हे मान्य, पण चिंच फोडायला कोण येणार? कुऱ्हाड मोडते. वखारीतून बाभळीचे फाळके आणा आणि मोकळे व्हा.

उचगावची_माती
हुरडा नाही म्हणून खंत करणाऱ्या बेळगावकरांचं मला नवल वाटतं. रताळी कुणाची? आपली! गाड्या भरभरून बाहेर जातात आणि आपण सोलापूरच्या हुरड्याला डोळे लावून बसायचं.

निखाऱ्यातलं रताळं हा शेकोटीचा खरा उपयोग. पण नीट करा. काल खणलेलं रताळं आज भाजू नका. ते पिठूळ लागतं, गोड लागत नाही. खणल्यावर माती न धुता आठ-दहा दिवस उबदार, हवेशीर जागी पसरून ठेवलं की आतल्या पिठाची साखर व्हायला लागते. बाजारातून घेत असाल तर साल किंचित सैल पडलेलं, चीक सुकून काळा झालेलं घ्या. आकार मधला, किलोला पाच-सहा बसतील असा. १५ जणांना चार किलो पुरे. जाडजूड रताळं बाहेरून कोळसा होतं आणि मध्ये कच्चं राहतं.

ज्वाळेवर अजिबात नाही. शेकोटी पेटवून पाऊण तास जाऊ द्या, ज्वाळा बसू द्या. निखारे बाजूला ओढा, तळाच्या गरम राखेत रताळी एकमेकांना न चिकटवता ठेवा, वर दोन बोटं राख, त्यावर निखारे. पस्तीस ते चाळीस मिनिटं. मध्ये एकदा फिरवा. काडी आरपार गेली आणि टोकातून पाकासारखा रस गळून काळा झाला की झालं. सावकाश गरम होण्यात गोडवा आहे: रताळ्यातला जो घटक पिठाची साखर करतो तो मध्यम उष्णतेत काम करतो. एकदम तापलं की तो निकामी होतो. म्हणून कुकरमधलं रताळं मिळमिळीत आणि राखेतलं गोड.

चव्हाट_गल्ली
फॉइल गुंडाळलं तर?

उचगावची_माती
राख लागत नाही एवढाच फायदा. पण आतली वाफ आतच राहते, साल भाजल्याचा वास येत नाही. उकडलंच म्हणा की. फॉइल फुकट घालवायचीच असेल तर बटाट्याला वापरा.

शाळूवाला
रताळ्याला विरोध नाही, पण हुरड्याच्या जागी सगळ्यात जवळचं काही असेल तर तो हरभरा. लवकर पेरलेल्या हरभऱ्याला डिसेंबरअखेर घाटे भरलेले असतात. मुळासकट उपटलेल्या डहाळ्यांची पेंढी पाचटाच्या किंवा वाळल्या काडाच्या आगीवर उलटसुलट धरायची, दोन-तीन मिनिटं. पानं जळून जातात, घाटे करपून तडकतात. मग सुपात घेऊन राख पाखडायची. हावळा म्हणतात त्याला. दाणा हिरवा, वरून धुरकट, आतून गोड. पोरांची तोंडं काळी होतात तोच त्यातला कार्यक्रम. १५ जणांना सहा-सात पेंढ्या आणा. दाणे वाळलेले असतील तर टणक होतात, घाटा दाबून हिरवा दाणा बघूनच घ्या.

हुरड्याचं संक्रांतीनंतर बघा. कन्नडवाले शेजारी त्याला शीतनी म्हणतात. त्यांना विचारलंत तर कुठल्या रानात कधी येणार ते तारखेसकट सांगतील. तेव्हा शेण्यांची आगटी करायची, लाकडाची नाही. शेणीची आच मंद आणि सारखी असते.

कंपाउंडर_आहे_डॉक्टर_नाही
शेतावरचं छान चाललंय. घरातलं सांगतो, कारण १५ माणसं रात्री घरातच झोपणार.

म्हाताऱ्यांना थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी खोलीत ठेवून दारं-खिडक्या लावायच्या नाहीत. 'धूर नाही, नुसता निखारा आहे' हाच मोठा घोटाळा आहे. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेला माणूस उठतच नाही. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं ही खूण; लगेच बाहेर मोकळ्या हवेत.

तीच गोष्ट गॅस गिझरची. १५ माणसं एकामागून एक आंघोळ करतात, न्हाणीघर बंद, थंडी म्हणून खिडकी कागदानं बुजवलेली. खिडकी उघडीच ठेवा. बादल्या भरून घ्या, गिझर बंद करा, मग आंघोळ. गिझर न्हाणीघराच्या बाहेर बसवलेला असेल तर उत्तम.

शेकोटीजवळ कपडे: नायलॉन-पॉलिस्टरची जाकिटं ठिणगीनं वितळून कातडीला चिकटतात. लोकरीची घोंगडी धुमसते, भडकत नाही. पोरांना सुती किंवा लोकरीचं. भाजलंच तर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. टूथपेस्ट, हळद, तूप काही नाही.

तिसरं_गेट
टूथपेस्ट नाही हे आमच्या मावशीला कोण सांगणार? तिच्याकडं प्रत्येक दुखण्याला टूथपेस्ट आहे, दात सोडून.

घाटमाथा
अवांतर, पण उपयोगी. पाहुण्यांपैकी कुणी हॉटेलात उतरणार असेल तर डिसेंबरात आधी तारखा बघा. कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन बहुधा याच महिन्यात इथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये असतं. ते चालू असलं की गावातल्या खोल्या मंत्री, आमदार, अधिकारी आणि बंदोबस्तानं भरतात आणि हायवेवर अडथळे असतात. नाताळापर्यंत बहुतेक वेळा उरकलेलं असतं, पण त्याच आठवड्यात पुण्या-मुंबईची गोव्याला निघालेली गर्दी चोर्ला आणि आंबोलीकडं वळते. २४ तारखेला संध्याकाळी घाटात शिरू नका. पहाटे धुकं असेल तर हेडलाइट खाली, अप्पर लावला की पुढं पांढरी भिंत दिसते. पिवळा फॉग लाइट असेल तर तो.

टिळकवाडीची_अक्का
त्यातून आठवलं, सुट्ट्यांचा मेळ लागतो का तुमचा? पुण्याच्या सीबीएसईवाल्यांना आठवडाभर, आपल्याकडं मोठी सुट्टी दसऱ्याला. नाताळाला मिशनरी शाळा सोडल्या तर एकच दिवस. म्हणजे पाहुणी पोरं घरात आणि आपली शाळेत. म्हणून शेतावरचा दिवस २५ लाच धरा.

आणि ३१ ला थांबणार असतील तर कॅम्पातला 'ओल्ड मॅन' दाखवा. सरत्या वर्षाचा म्हातारा जाळायची ही रीत पुण्याच्या पोरांना नवी वाटते. घरी करायचा असेल तर भाताचं पिंजर आणि जुने सुती कपडे भरा. थर्माकोल, नायलॉनची साडी, टायरचा तुकडा घातला की नुसता काळा विषारी धूर. फटाके पोटात भरू नका, जळता कपडा उडून शेजारच्या गच्चीवर जातो.

कणकुंबीचं_धुकं
पुतळा उभा करायला मागं बांबू जमिनीत दीड-दोन फूट गाडा. बारीक काठीला बांधलेला म्हातारा अर्धा जळला की पुढं कोसळतो, आणि पुढंच पोरं उभी असतात.

चिकोडी_रोड
शेकोटीवरून गुऱ्हाळ राहिलंच. चिकोडी, निपाणी, रायबाग, गोकाक या बाजूला डिसेंबरात गुऱ्हाळं चालू असतात. पाहुण्यांना एक सकाळ तिकडं न्या. काय बघायचं ते समजून गेलात तर पोरं कंटाळत नाहीत: रस काहिलीत आला की त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, तो घाण धरून वर आणतो, ती मळी झाऱ्यानं काढतात. अडीच-तीन तास आटतं. १०५ अंशांच्या आसपास काकवी, ११८ ला गूळ. गुळव्या थर्मामीटर वापरत नाही, थेंब गार पाण्यात टाकतो. गोळी वळली आणि टणक वाजली की काहील उतरवतो.

काकवी आणायची असेल तर स्टीलचा डबा न्या, गरम काकवी प्लॅस्टिकच्या बाटलीत ओतू नका. पातळ काकवी घेऊ नका, महिनाभरात आंबते. चमच्यावरून अखंड तार पडली पाहिजे. पोरांना काहिलीपासून आणि मागच्या चुलवाणापासून दहा पावलं लांब. कडेची जमीन मळीनं घसरडी असते, तिथं चपला टिकत नाहीत.

शहापुरी
धुंधुरमासाच्या भाकरीला तीच काकवी! अनगोळकर, आदल्या दिवशी गुऱ्हाळ, दुसऱ्या दिवशी शेत. ठरलं बघा.

भातुकली_मोठ्यांची
भाकरीचं राहिलं. बाजरीचं पीठ आठ दिवसांच्या आतलं. बाजरीत तेल जास्त, दळल्यावर लगेच खवट व्हायला लागतं आणि कडू लागतं. मग लोक बाजरीला नावं ठेवतात. दोन किलो पिठात पंचवीस भाकऱ्या. कडक पाण्यात मळा, गार पाण्यानं मळलेली भाकरी कडांना चिरते. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळायचं, मळून ठेवलेला गोळा सैल पडतो. तीळ थापताना वरच्या बाजूला दाबा आणि तीच बाजू तव्यावर वर ठेवून तिला पाणी फिरवा, नाहीतर तीळ तव्यावर राहतात आणि भाकरी कोरी निघते. पाणी सुकायच्या आत उलटली तर चिकटते, पूर्ण सुकल्यावर उलटली तर फुगत नाही.

शेतात वारा असतो. तव्याच्या वाऱ्याच्या बाजूला दोन विटा उभ्या करा, नाहीतर भाकरीची एक बाजू कच्ची राहते.

मलप्रभाकाठची
भरीताची वांगी निखाऱ्यावर ठेवायच्या आधी चार ठिकाणी टोचा आणि तेल पुसा. न टोचलेलं वांगं फुटतं आणि गर राखेत जातो. पंधरा-वीस मिनिटं. ओल्या कांद्याची पात, शेंगदाण्याचं कूट, हिरव्या मिरचीचा खर्डा. टोमॅटो नको.

चव्हाट_गल्ली
टोमॅटो का नको? भरीत टोमॅटोशिवाय?

मलप्रभाकाठची
घाला गा, तुमचं भरीत. खंडोबाच्या नैवेद्याला घालत नाहीत एवढंच लक्षात ठेवा.

टिळकवाडीची_अक्का
एळ्ळ अमावस्या पण याच सुमाराला, डिसेंबरच्या उत्तरार्धात किंवा जानेवारीच्या पूर्वार्धात येते. पूर्वेकडच्या कन्नड घरांत त्या दिवशी सगळं घर रानात जाऊन चरगा टाकतं, म्हणजे पिकात चारी दिशांना अन्न शिंपडतं, आणि तिथंच जेवतं. तीळ आणि शेंगांच्या पोळ्या, कडबू, बाजरीची भाकरी. शेजारी कुणी असेल तर बोलावतातच. पाहुण्यांना घेऊन जा, मोकळ्या हातानं जाऊ नका, कुंदा न्या. कुंदा खव्याचा आहे, फ्रीजबाहेर दोन-तीन दिवसांच्या वर ठेवू नका. पुण्याला न्यायचा तर निघायच्या दिवशीच घ्या. करदंट, म्हणजे डिंक-सुक्यामेव्याची वडी, मात्र टिकतो, तो आधी घेतला तरी चालतो.

अनगोळकर
सगळ्यांचे आभार. बेत असा लावतोय: २४ ला गुऱ्हाळ, २५ ला पहाटे शेत. आम्ही दोघं सहाला पोचून चूल आणि शेकोटी एकाच वेळी पेटवणार, बाकीची आठपर्यंत येणार. खिचडी, भाकरी, लेकुरवाळी, भरीत. हावळा पोरांसाठी नऊनंतर. रताळी राखेत घालून ठेवायची, निघताना खायची. हुरड्यासाठी जानेवारीअखेर परत. राहिलेला प्रश्न एकच: शेकोटी नक्की कुठं? बांधाच्या एका बाजूला पिंजराची गंजी आहे, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याचा ऊस.

खानापूर_नाका
मधोमध, भात कापलेल्या मोकळ्या वाफ्यात. गंजीपासून आणि उसापासून किमान पन्नास फूट. उसाचं वाळलेलं पाचट एका ठिणगीवर पेटतं आणि मग शेजाऱ्याशी संबंध राहत नाहीत. आधी वाफ्यातली भाताची खुंटं सहा फुटांच्या घेरात कुदळीनं काढून टाका, नाहीतर आग खुंटाखुंटानं सरकते. मध्ये तीन फूट रुंद, पाऊण फूट खोल खड्डा, निघालेली माती कडेला वरंबा करून ठेवा, तीच विझवायला. डिसेंबरात वारा बहुतेक पूर्वेकडून असतो, पण त्या सकाळी मूठभर भुसा सोडून बघा. चूल आणि माणसं वाऱ्याच्या वरच्या बाजूला. पेटवायला रॉकेल-पेट्रोल नाही; पेट्रोलची वाफ आधी पसरते आणि काडी ओढणाऱ्याच्या तोंडावर भडका येतो. नारळाच्या शेंड्या आणि दोन शेण्या पुरतात.

दोन बादल्या पाणी विहिरीतून ओढून आधीच भरून ठेवा, आणि त्या विहिरीवर झाकण नसेल तर पोरं यायच्या आत फळ्या टाका किंवा एका मोठ्या माणसाला तेवढंच काम द्या.

अनगोळकर
विहिरीला कठडा आहे, पण कमरेच्या खाली. फळ्या टाकतो.

खानापूर_नाका
कमरेच्या खाली तुमच्या. तीन वर्षांच्या पोराला तो चढायला बरोबर आहे. फळ्या टाकाच. आणि निघताना पाणी ओतून काठीनं ढवळा, परत ओता, मग हाताची मागची बाजू राखेवर धरून बघा. ऊब लागली तर आणखी एक बादली.

उचगावची_माती
ओतायच्या आधी रताळी मोजून काढा. राखेत एखादं राहतंच.